आफ्रिकेच्या वाटेवरील नित्यकर्म

मोटारीनें आफ्रिका पाहून आलेल्या मनुष्यास लोक पहिला प्रश्न सिंहाविषयीं विचारतात. नैरोबीहून केपटाउनपर्यंतचा प्रवास करून मी परत आलों, त्यास आतां कांहीं वर्षें लोटलीं. तरी अद्याप कोणी पाहुणा घरीं आला आणि त्या प्रवासाचा विषय निघाला, कीं "सिंह किती पाहिले?" हा प्रश्न ठेवलेलाच. सिंह पाहिले; हत्ती तर मोजण्यापलीकडे पाहिले. परंतु त्या सात आठवड्यांत मला जें शिकावयास मिळालें, तें मोटारीच्या मागल्या डाव्या चाकाच्या पांच नटांनीं शिकविलें. ही हकीगत मीं आजवर घराबाहेर सांगितली नव्हती, कारण तींत कमीपणा माझ्याकडे येतो. पण ज्यानें सारा जन्म मुलांस खरें बोलण्याचा धडा घातला, त्यानें स्वतःचा धडा झांकून ठेवणें बरें नव्हे, असें वाटल्यावरून ती येथें लिहीत आहे.

माझा पुतण्या अभियंता असून नोकरीनिमित्त बारा वर्षें नैरोबीस होता. २०१८ सालीं तेथील काम संपवून तो स्वदेशीं परतणार होता. तत्पूर्वीं आपल्या जुन्या मोटारींतून त्या खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत जावें, असा त्याचा पुष्कळ दिवसांचा मनोदय होता. "काका, तुम्हीं आणि काकूंनीं बरोबर यावें," असा त्याचा आग्रह पडला. सौभाग्यवतीच्या गुडघ्यांनीं नकार दिला. मी निवृत्त होऊन दुसरें वर्ष चाललें होतें व घरांत माझी अडचणच अधिक होत होती. निघतांना तिनें एवढेंच बजावलें, "तिकडे जाऊन नुसते बसून राहूं नका; पोरांच्या कांहीं कामास हात लावा."

तें काम मला नैरोबीस पोंचतांच मिळालें. गाडी होती टोयोटा कंपनीची लँड क्रूझर. सहा सिलिंडरांचें सव्वाचार लिटरांच्या आसपासचें साधें डिझेल इंजिन आणि मागें बैलगाडीस शोभतील अशा पोलादी पट्ट्यांच्या कमानी. तिच्या यंत्रांत संगणकाचा संबंध जवळ जवळ नाहींच. जें बिघडेल तें डोळ्यांस दिसावें आणि हातोडी-पान्यानें दुरुस्त व्हावें, या गुणामुळें आफ्रिकेच्या आडरानांत धर्मादाय दवाखाने, शेतकरी व वनखातें यांचा या गाडीवर मोठा लोभ आहे. पुतण्यानें माझ्या हातीं एक रेघा मारलेली वही दिली. तींत रोज सकाळीं पाहावयाच्या अकरा बाबी होत्या : इंजिनांतील तेल, रेडिएटरचें पाणी, ब्रेकचें तेल, पट्टे, हवेची गाळणी, डिझेलमधील पाणी काढण्याचा नळ, कमानींच्या पट्ट्या, त्यांस धरणारे बोल्ट, टायरांतील हवा, गाडीखालीं कोठें गळती आहे काय, आणि शेवटीं चाकांचे नट. प्रत्येक बाब पाहून झाली कीं तीपुढें खूण करावयाची. "काका, ही तुमची सकाळची संध्या," असें तो हंसून म्हणाला.

थट्टा म्हणून बोललेला तो शब्द मला मात्र नेमका वाटला. आमच्या मीमांसकांनीं कर्माचे भेद करतांना नित्यकर्माविषयीं मोठी मार्मिक गोष्ट सांगितली आहे. काम्य कर्म केल्यानें कांहीं तरी मिळतें. नित्यकर्म केल्यानें विशेष असें कांहीं मिळत नाहीं, मात्र तें न केल्यास प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो. मोटारीची निगा अगदीं याच जातीची आहे. आज तेल पाहिलें म्हणून गाडी काल होती त्याहून चांगली चालत नाहीं. महिनाभर पाहिलें तरी कोणी शाबासकी देत नाहीं. न पाहिल्याचें फळ मात्र एके दिवशीं सगळें एकदम पदरांत पडतें. हें तत्त्व मी मुलांस अनेक वर्षें शिकवीत आलों होतों. तें मला समजलें होतें, असें मात्र आतां म्हणवत नाहीं.

निघण्यापूर्वीं चार दिवस गाडी एका वृद्ध शीख गृहस्थाच्या कारखान्यांत होती. कारखान्याच्या भिंतीवर जोगिंदरसिंगांचें जुनें छायाचित्र टांगलेलें होतें. केनियांतच जन्मलेल्या या शीख मोटारवीरानें पूर्व आफ्रिकेची प्रसिद्ध सफारी शर्यत १९६५, १९७४ आणि १९७६ अशी तीन वेळां जिंकली. आणि पहिल्या विजयाच्या वेळीं त्याच्याजवळ असलेली व्होल्व्हो गाडी तर दुसऱ्यानें वापरून सोडलेली होती! मी तें चित्र पाहत असतां वृद्ध गृहस्थ म्हणाले, "मास्तरजी, गाडी रस्त्यावर मोडत नाहीं. ती आदल्या दिवशींच मोडलेली असते. रस्त्यावर फक्त आपल्याला कळतें." हें वाक्य मीं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलें. लिहून ठेवल्यानें वाक्य आपलें होत नाहीं, हें पुढें कळावयाचें होतें.

जुलैच्या आरंभीं आम्ही चौघे निघालों : पुतण्या, सूनबाई, त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा आणि मी. तो पावसाळा नसलेला, कोरडा व थंड असा हंगाम असल्यामुळें प्रवासास उत्तम. आज या मार्गाचा मोठा भाग डांबरी आहे. पण मेजर कोर्ट ट्रीट आणि त्यांची पत्नी स्टेला हीं आपल्या सोबत्यांसह १९२४ च्या सप्टेंबरांत दोन क्रॉसली मोटारी घेऊन केपटाउनहून निघालीं, तीं कैरोस पोंचलीं १९२६ च्या जानेवारींत; सोळा महिने लागले! वाटेंत रस्ते नव्हते, पूल नव्हते. नद्यांतून गाड्या ओढून काढाव्या लागल्या. त्या मानानें आमचा प्रवास म्हणजे सहलच. गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूनें हांकावयाची, हा नियमहि केनियापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत आपल्याकडल्यासारखाच.

नमांगा येथील सीमा ओलांडून टांझानियांत शिरलों आणि आरुशा, डोडोमा या मार्गानें इरिंगा शहराकडे चाललों. स्वाहिली भाषेनें माझें मन तत्काळ ओढून घेतलें. तींत मोटारीस 'गारी' म्हणतात. तो आपल्या इकडच्या गाडीचाच शब्द, व्यापाऱ्यांबरोबर समुद्र ओलांडून गेलेला. दुकान तें 'डुका', आणि विमा तो 'बिमा'. कारागिरास 'फुंडी' म्हणतात, मग तो गवंडी असो, शिंपी असो, कीं मोटार दुरुस्त करणारा असो. लहानानें वडील मनुष्यास भेटतांच 'शिकामू' म्हणावयाचें असतें; त्या शब्दाच्या मुळाशीं पाय धरण्याचा अर्थ आहे, असें मला सांगण्यांत आलें. आणि शिक्षकास म्हणतात 'म्वालिमू'. त्या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्यूलियस न्येरेरे हे मूळचे शाळामास्तर. लोक त्यांस शेवटपर्यंत म्वालिमू याच नांवानें ओळखत. माझा पेशा कळला कीं पेट्रोलपंपावरचा पोऱ्यासुद्धां मला म्वालिमू म्हणून हांक मारी, आणि मला, खरें सांगावयाचें तर, तें फार आवडे.

पहिले दहा दिवस माझी वही शाळेच्या हजेरीपटासारखी निर्मळ होती. हवेची गाळणी काढून आंतून बाहेर हवेचा झोत मारला कीं तांबड्या मातीचा ढग उठे; ती माती इंजिनांत गेली असती तर तिनें सिलिंडर कानशीप्रमाणें घांसून काढले असते. कमानींच्या पट्ट्यांवरून मी रोज बोट फिरवीत असें. मला लहानपणींची वडिलांची बैलगाडी आठवे : तिच्या खालीं टांगलेलें वंगणाचें भांडें, आणि निघण्यापूर्वीं चाकाची खीळ हातानें चाचपून पाहणारे वडील. त्या खिळीस संस्कृतांत 'आणि' असें नांव आहे. लोककथेंतील कैकेयीनें रथाची खीळ निखळली तेव्हां तिच्या जागीं आपलें बोट घातलें, ही गोष्ट मीं नातवास एका रात्रीं शेकोटीशीं सांगितली. ती सांगतांना मी किती निश्चिंत होतों!

इरिंग्याहून रुआहाच्या अभयारण्याकडे जाणारा शंभराहून अधिक किलोमीटरांचा रस्ता त्या वेळीं कच्चा होता, आणि त्यावर आडव्या वरवंट्यांसारख्या लाटा उठलेल्या होत्या. कोरड्या मातीवरून चाकें वेगानें गेलीं कीं तीं किंचित् उसळतात, पडतांना खळगा पाडतात, पुढचें चाक त्याच खळग्यांत आपटून पुन्हां उसळतें. अशा रीतीनें सपाट रस्त्याची घांसण्याची फळी बनते. फिरत्या वर्तुळाकार वाळूवर चाक ठेवून केलेले याविषयींचे प्रयोग २००७ सालीं प्रसिद्ध झाले आहेत. त्यांत असें दिसून आलें कीं, ठराविक वेगाच्या खालीं या लाटा मुळीं उत्पन्नच होत नाहींत. म्हणजे रस्ता सर्वांच्या घाईनें बिघडतो, आणि मग सर्वांच्या गाड्या बिघडवितो. अशा रस्त्यावर टायरांतील हवा थोडी कमी करून सावकाश जावें लागतें, आणि प्रत्येक नट व बोल्ट हादऱ्यांनीं सैल होऊं पाहतो.

इरिंग्यास आदल्या सायंकाळीं मागल्या डाव्या चाकांत कांटा घुसला होता. तें काढून, बुजवून, पुन्हां बसवीपर्यंत अंधार पडला. पुतण्यानें मला सांगितलें, "काका, नवें बसविलेलें चाक थोडें चाललें कीं बैठकीवरची माती व गंज दबतो आणि नट ढिले पडतात. उद्यां निघण्यापूर्वीं हे पांच नट पाना लावून पाहा, आणि पन्नास किलोमीटरांवर पुन्हां पाहूं."

दुसरे दिवशीं सकाळीं बोंचरी थंडी होती. इरिंगा उंचावरचें शहर. गवत दंवानें भिजलें होतें. मला रात्रीं झोंप लागली नव्हती. तंबूच्या दारांतूनच मीं चाकाकडे पाहिलें. पांचही नट जागच्या जागीं दिसत होते. मीं वही उघडली आणि एका दमांत अकरा खुणा करून टाकल्या.

पन्नास किलोमीटर झाल्यावर पुतण्यानें विचारलें, "काका, सकाळीं नट पाहिलेत ना? घट्ट होते?" त्या क्षणीं खरें बोलण्यास कांहींच लागत नव्हतें, पांच मिनिटें थांबलों असतों, एवढेंच. पण मी म्हणालों, "पाहिले. घट्ट आहेत." तो थांबला नाहीं.

आणखी दहा-बारा किलोमीटर गेल्यावर मागून ठक् ठक् असा आवाज येऊं लागला. त्या रस्त्यावर सारी गाडीच वाजत होती, म्हणून प्रथम कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. मग गाडी मागून डोलूं लागली आणि एकदम डाव्या अंगास कलली. वेग चाळिसाच्या आंत असल्यामुळें ती कशीबशी उभी राहिली. खालीं उतरून पाहतों तों चाक तिरपें होऊन लटकलेलें. ज्या पांच खुंट्यांवर नट बसतात त्यांपैकीं तीन साफ तुटल्या होत्या. उरलेल्या दोहोंचे आटे झिजून गेले होते. रिमचीं गोल भोकें लांबट झालीं होतीं. नातू बसला होता तो त्याच अंगास.

सूनबाईनें मुलास जवळ ओढलें आणि ती नवऱ्यास म्हणाली, "काल अंधारांत तुम्हीं घाई केलीत. सकाळपर्यंत थांबला असता तर?" तो बिचारा चाकाकडे पाहत म्हणाला, "माझेंच चुकलें असावें. नीट आवळले गेले नसतील." आणि मी गप्प उभा होतों. एवढ्यांत पोरानें गाडींतून माझी वही आणली व ती आईपुढें धरून म्हटलें, "आई, बाबांचें चुकलें नाहीं. आजोबांनीं सकाळीं पाहिलें होतें. ही बघ खूण. म्हणजे नट घट्टच होते. रस्ताच वाईट आहे." त्या खुणेवर सर्वांचा विश्वास बसला. वाद मिटला. माझ्या खोट्या खुणेनें घरांत शांतता झाली, यापरती शिक्षा मला कोणी देऊं शकलें नसतें.

वाटेनें जाणाऱ्या एका ट्रकवाल्यानें निरोप नेला आणि दुपारीं मोटारसायकलीवरून एक तरुण फुंडी आला. त्यानें प्रथम मला 'शिकामू' केलें. मी कोण हें कळल्यावर "पोले, म्वालिमू" असें म्हणाला. 'पोले' म्हणजे, तुम्हांस त्रास झाला याचें मला वाईट वाटतें. आमच्याजवळ जादा गाळण्या होत्या, पट्टे होते, नळ्या होत्या. पण बोटाएवढ्या त्या पोलादी खुंट्या मात्र नव्हत्या. त्या आणावयास तो इरिंग्यास परत गेला, आणि आम्हांस ती रात्र रस्त्याच्या कडेस काढावी लागली. जवळच्या वस्तींतील एका बाईनें घागरभर पाणी आणि भाजलेलीं मक्याचीं कणसें आणून दिलीं, व पैसे घेतले नाहींत.

त्या रात्रीं मी शेकोटीशीं बसून होतों. दक्षिणेस त्रिशंकूच्या तारका स्पष्ट दिसत होत्या; धड इकडे ना धड तिकडे असा तो लोंबकळणारा राजा मला त्या वेळीं अगदीं जवळचा वाटला. मला फार वर्षांपूर्वींची एक गोष्ट आठवली. सातवींतील एका मुलानें पाठांतराच्या वहींत आपल्या वडिलांची खोटी सही केली होती. मीं त्यास साऱ्या वर्गापुढें उभें करून छड्या मारल्या आणि वर म्हटलें, "खोटी सही करणारा हात उद्यां काय करणार नाहीं?" तें पोर रडलें नाहीं, नुसतें माझ्याकडे पाहत राहिलें. तो मुलगा बारा-तेरा वर्षांचा. मी साठीच्या घरांतला. त्यास घरच्या माराचें भय होतें. मला कशाचें होतें? थंडीचें आणि ओल्या गवताचें!

पहांटे पुतण्या चहा ठेवीत असतां मीं त्यास सर्व सांगितलें. नट पाहिले नव्हते, खुणा बसल्या जागीं केल्या, आणि विचारल्यावर तोंडानें खोटें बोललों, हेंहि सांगितलें. तो कांहीं वेळ आधणाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "काका, तुम्ही सांगितलें नसतें तर मला कधींच कळलें नसतें." त्यांत राग होता कीं दुसरें कांहीं होतें, हें मला अद्याप ठरवितां आलेलें नाहीं. मी वही परत देऊं लागलों. ती त्यानें घेतली नाहीं. पेटींतून चाकाचा पाना काढून माझ्या हातांत ठेवला आणि म्हणाला, "वही तुमच्याकडेच राहूं द्या. मात्र पाना आधीं, पेन्सिल मागून."

मग मीं नातवास बोलावून त्याच्यासमोर ती खूण खोडली व बाजूस 'पाहिलें नाहीं' असें लिहिलें. त्यानें विचारलें, "मग तुम्हीं खूण कां केली होती?" मी म्हणालों, "आळस आला म्हणून." सूनबाईनें हें ऐकलें. ती मला उलट एक शब्द बोलली नाहीं, पण दोन दिवस कामापुरतेंच बोलत होती. तिचें बरोबरच होतें. तिचें मूल त्या चाकावर बसलें होतें.

दुपारीं फुंडी खुंट्या घेऊन आला. जमिनींत जॅक रुतूं नये म्हणून त्यानें खालीं जाड फळी घातली, आंस ओढून बाहेर काढला, चाकाची नाभि, ज्यास कारागीर हब म्हणतात, ती उतरविली आणि तुटलेल्या खुंट्या ठोकून मागें काढल्या. नव्या खुंट्या बसविण्यास त्याच्याजवळ यंत्र नव्हतें. त्यानें एकेका खुंटीवर चार-पांच चकत्या चढविल्या आणि वरून नट आवळीत आवळीत खुंटी आपल्या जागीं ओढून घेतली. फुटलेल्या रिमऐवजीं स्टेपनी चढविली. नट एकामागून एक न आवळतां समोरासमोरचे आवळावे, म्हणजे चाक सरळ बसतें, हें त्यानें मला माझ्याच हातांनीं करवून दाखविलें. शेवटीं म्हणाला, "म्वालिमू, पन्नास किलोमीटरांवर पुन्हां." मीं मान खालीं घालून होकार दिला.

पुढील प्रवास सुखाचा झाला. टुंडुमा येथें झांबियांत शिरलों. तेथील उत्तरेच्या हमरस्त्यावरील खळगे चुकवीत, व्हिक्टोरिया धबधब्याचा गडगडाट ऐकून, कझुंगुला येथें झांबेझी नदी तराफ्यावरून ओलांडली. त्या वेळीं तेथें पुलाचें काम चालू होतें. ९२३ मीटर लांबीचा तो पूल २०२१ च्या मे महिन्यांत खुला झाला. बोट्स्वानांत गुरांच्या रोगाची सांथ पसरूं नये म्हणून ठिकठिकाणीं चौक्या आहेत. तेथें गाडीचीं चाकें औषधी पाण्यांतून न्यावयाचीं व आपणहि बूट त्यांत बुडवावयाचे. आमच्या डब्यांत मांस आहे काय म्हणून शोध झाला; निघालें तें लिंबाचें लोणचें! वाळवंटी गवतांतून जातांना त्याचें कुसळ व बीं रेडिएटरच्या जाळींत भरतें आणि गाडीखालीं तापलेल्या नळीजवळ सांचून पेट घेतें. म्हणून दर तासा-दोन तासांनीं थांबून खालीं वांकून पाहावें लागे. वहींत अकराची बारावी बाब झाली. ती मीं पाहिली. प्रत्येक वेळीं पाहिली. नातू पाना घेऊन माझ्याबरोबर येई, आणि मी नट दाबून "घट्ट" म्हटल्यावर तोच खूण करी. केपटाउनला समुद्र दिसला तेव्हां सर्वांनीं टाळ्या वाजविल्या. सूनबाईनें मला वांकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काका, आपण सगळे नीट पोंचलों." त्या नमस्कारास मी पात्र होतों असें नाहीं, पण तो मीं घेतला.

घरीं परतल्यावर दुसऱ्याच पहांटे मला जाग आली ती स्वयंपाकघरांतील आवाजानें. सौभाग्यवती नेहमींप्रमाणें दुधाचें पातेलें विसळीत होती. मग गॅसचा खटका पाहिला, देवाजवळच्या समईची वात पुढें सारून तेल घातलें, माझ्या रक्तदाबाची गोळी वाटींत काढून ठेवली. चाळीस वर्षें ही अकरा कीं एकवीस बाबींची यादी तिनें न लिहितां पाळली, आणि तीपुढें खूण करणारा कोणीहि नव्हता. घर त्यामुळेंच आजवर रस्त्यांत मोडून पडलें नाहीं. मी उठलों आणि म्हणालों, "यांतलें रोजचें एक काम मला दे." तिनें क्षणभर माझ्याकडे पाहिलें व पाणी गाळण्याचें फडकें माझ्या हातीं दिलें.

तुटलेल्या खुंटीचा एक तुकडा मी बरोबर आणला आहे. तो माझ्या मेजावर दौतीशेजारीं असतो. ज्या मुलास मीं छड्या मारल्या, त्याचा पत्ता मजजवळ नाहीं. असता तर हें आधीं त्यास लिहिलें असतें.